कानातला पिवळा तुकडा

मेलेल्या कोल्ह्याची खरी कातडी चढवण्यासाठी साच्यात ओतलेला फोमचा कोल्हा पुन्हा बोटभर आकसला. त्याच्यावर कातडी दादाच्या जुन्या शर्टासारखी लोंबत होती. महिनाभर मी माप तपासलं, रसायनाचे डबे बदलले, साचाही शेकून घेतला. दादाचं पालुपद एकच: "तुझाच हात चुकतोय. तू ओत आणि घरी जा, साचा मी उघडतो." मीही गाढवासारखा जायचो. आज साचा पुसताना कानाच्या खाचेत पिवळा तुकडा सापडला. आमचा फोम पांढरा. "दादा, हा कुणाचा?" तो कोरडेच हात पुसत राहिला. "मेव्हण्याबरोबर वेगळा कारखाना काढतोय. त्या कारखान्याचे कोल्हे याच साच्यात ओततो." घाईने साचा उघडला की फोम आकसतो, हे मला पहिल्याच दिवशी दादानेच शिकवलं होतं. "म्हणजे आपला लवकर काढायचास?" "तासाभरात." "आणि त्याचा?" दादाने साच्यावरून हात फिरवला. "तो पुरता थंड होईपर्यंत ठेवायचो."