पुन्हा न होणारी चाल

“आता जे वाजेल ते आजवर कुणी ऐकलेलं नाही आणि पुन्हा कुणी ऐकणारही नाही,” जावयाने माइकवरून बजावलं आणि कपाटाएवढ्या सिंथेसायझरचं एक बटण टोकापर्यंत पिळलं.

त्याचा सारा तोरा या बटणावर उभा होता. त्यामागचं मॉड्यूल, म्हणजे यंत्राचा एक सुटा भाग, मनाला येईल तसा विजेचा दाब सोडायचं आणि त्यातून सूर निघायचे. माणूस ठरवतो ते संगीतच नव्हे, असं तो येताजाता ऐकवायचा. स्वतःची अक्कल यंत्राकडे गहाण टाकण्याला तो साधना म्हणे. सभागृहाच्या संचालकबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांना आवडलं तर वर्षभराचे कार्यक्रम त्याचे. नाहीतर नोकरी सोडून घरी मांडलेला हा वायरींचा गुंता गुंडाळावा लागणार होता.

बाईंच्या शेजारी सासूबाई. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून आणलेल्या. “त्यांचं काय, दगडाचा कान,” असं तो बायकोला सांगायचा, तेही सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने.

सूर सुरू झाले. वर चढले, अडखळले, एकदम खाली घसरले. संचालकबाईंनी डोळे मिटले. जावयाने छाती फुगवून वेग वाढवला आणि तेवढ्यात त्याला पहिल्या रांगेतून गुणगुणणं ऐकू आलं. सासूबाई गात होत्या. तेही यंत्राच्या एक सूर पुढे. आधी त्यांच्या तोंडून निघे, मग यंत्रातून.

“आई, हे काय?” तो वाकून खेकसला.

“का? भिंतीपलीकडून रोज हेच तर ऐकते, जावईबापू. पाठच झालंय. म्हटलं, साथ द्यावी.”

सभागृहात खसखस पिकली. जावयाने बटणाकडे पाहिलं. बटण मधोमध ठेवलं तर यंत्र दरवेळी नवं काढतं. टोकाला नेलं की शेवटचे सूर धरून तेच फिरवत बसतं, वीज बंद केली तरी विसरत नाही. हे विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि आपण “कळतं मला” म्हणून त्याला गप्प केलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं. एरवी कानांनी तरी सांगितलं असतं. पण वाजवताना तो ऐकत नसेच. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत असे.

त्याने झटक्याने बटण मधोमध आणलं. आता खरोखरच कुणी न ऐकलेलं वाजू लागलं, आणि ते कुणी का ऐकलं नव्हतं, तेही सगळ्यांना कळलं. मागे खुर्च्या सरकू लागल्या.

संचालकबाईंनी हात वर केला. “हे राहू द्या. मघाची चाल फार गोड होती. तेवढी परत वाजवा, मग पुढचं बोलू.”

त्याने बटण पुन्हा टोकाला पिळलं. यंत्राने नवा गोंधळच इमानाने धरला आणि तोच फिरवू लागलं. जुनी चाल पुसली गेली होती. त्याला स्वतःला तिचे दोन सूरही आठवेनात.

तो मंचावरून उतरला आणि सासूबाईंच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला. अगदी हळू बोलला, पण हातातला माइक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं :

“आई, पहिला सूर कुठला होता हो?”