सावलीतलं तापमान

मे महिन्यात नवतपा, उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला तसं दीपमालानं भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी सानगडीत दोन थर्मामीटर टांगले. एक भर गावातल्या, कूलर असलेल्या स्लॅबच्या घरात. दुसरा गावाबाहेरच्या टोलीवर, तिच्याच टिनाच्या घरात, खाटेवर पडून असलेल्या बाबांच्या उशाशी.

जूनमध्ये टोलीचे आकडे पाहून सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "सत्तेचाळीस? थर्मामीटर उन्हात ठेवला होता ना तू? तापमान सावलीतलं घ्यायचं असतं, किती वेळा सांगू?"

"सावलीतच होता जी, सर. घरात."

"अन् नवतपा संपायच्या आधीच मोजणं काहून बंद केलं?"

तिनं आकड्यांवर तळहात ठेवला. टोलीवरच्या माणसांना ऊन किती लागतं, हे दाखवायला तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. "सर, पाया पडते तुमच्या. हे आकडे खोडू नका."

"बेटा, विचार कर जरा," म्हणत सरांनी त्या आकड्यांवर लाल रेघ ओढलीच. "घरात खरंच एवढं तापमान असतं, तर माणूस राहिला असता का तिथं?"

"नाही राहिले, सर," ती म्हणाली. "बाबा नाही राहिले."