खाच

प्लेगच्या आदल्या साली भरतीनं गिरगाव चौपाटीवर एक रिकामी होडी आणून टाकली. महादेव कोळी मला ओढतच तिथं घेऊन गेला.

"हरेश्वर मेस्त्री, कोनाची ही? किती वर्साची?"

चाळीस वर्षं मी होड्या बांधतोय. वय सांगण्यात चुकत नाही. खिळे गंजून अर्धे झाले होते, किड्यांनी तळाची चाळण केली होती.

"साठीच्या पुढची," मी म्हणालो.

बांधणारा ओळखायला मी फळीवरचं डांबर खरवडलं. तासणीच्या प्रत्येक घावात केसाएवढी रेघ उठली होती. लाकूड तासायच्या वाकसाच्या धारेला खाच असली तरच अशी रेघ उठते.

माझ्या वाकसाला खाच त्याच सकाळी पडली होती, महादेवच्या नव्या होडीची पहिली फळी तासताना.

मी दुसरी फळी खरवडली. तिसरी. सगळीकडे तीच रेघ. माझे हात थांबेनात.

"काय झाला, मेस्त्री?"

मी चौथ्या फळीकडे वळलो. तोवर महादेवनं तळातल्या पाण्यातून काहीतरी उचललं. काळं पडलेलं चांदीचं कडं होतं, एका बाजूला पोचा आलेलं.

त्यानं ते हळूच स्वतःच्या मनगटातल्या कड्याशेजारी धरलं. पोचा त्याच जागी होता.