गोल बाक

महापालिकेने आमच्या लाइपझिगच्या वसाहतीत गोल बाक बसवला. कुठेही बसा, समोरच्याचं तोंड दिसणारच. वर पाटी: ‘बसा, बोला.’ म्हाताऱ्यांनी बोलतं व्हावं म्हणून म्हणे! आम्हाला बोलतं करणारे पूर्वीही होते. बसण्याआधी मी रोज फळीखालून हात फिरवायचे, मायक्रोफोन लावलाय का बघायला.

आज तळमजल्यावरचे विंकलर समोर येऊन बसले.

“काही नाही तिथे, नागेलबाई. मी तपासलंय.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“बर्लिनची भिंत पडायच्या आधी गुप्त पोलिसांसाठी मीच बसवायचो. घराघरांत.”

माझा हात फळीखालीच राहिला.

“आमच्याकडे?”

“जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यात,” ते खाली बघत म्हणाले.

त्याच टेबलावर माझ्या नवऱ्याने सरकारवर एक विनोद केला होता आणि त्यापायी दोन वर्षं तुरुंगात काढली होती. ऐकायला आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी बहीण गुद्रुन.

अडतीस वर्षं झाली, मी तिच्याशी एक शब्द बोललेले नाही.