गळ्याजवळचा ठिपका

“आणि हे कोण?” स्टुडिओवाल्या गिरधरने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं.

“पितांबरना आजाना मेव्हना,” भागाबाई म्हणाली. “बैल उसना लई गया व्हता. तो बैल अजून येईच राहिना.”

गिरधर हसला. त्याने खाली नाव टाईप केलं.

“ही भिकुबाई, मनी नणंद. देख, फोटोमा बी तोंड बंद नही.”

पितांबर हसला नाही. तो मांडीवरच्या पिशवीतून एकेक फोटो काढून देत होता. घरातल्या पेटीला वाळवी लागली. अर्ध्या माणसांची तोंडं गेली, पाय तेवढे उरले. राहिलेले सगळे सीडीवर घ्यायचे, पुढे पोरांना दिसले पाहिजेत, म्हणून तो सकाळच्या एसटीने धरणगावहून जळगावला आला होता. मावशीला सोबत आणलं होतं, कारण मेलेल्यांची नावं आता तिच्याशिवाय कोणाला येत नव्हती. भागाबाई त्याची सख्खी मावशी. आई गेल्यावर बापाने तिचीच धाकटी बहीण करून आणली होती.

शेवटचा फोटो त्याने जपून काढला. तो कागदात गुंडाळलेला होता.

खुर्चीवर सुपडूनाना, पितांबरचा बाप. फेटा, हातात काठी. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली पोरसवदा बाई, नजर खाली.

“हे माझे वडील. ही माझी आई,” पितांबरने स्वतःच सांगितलं. “लिहा, कै. सौ. मंजुळाबाई. मी सव्वा वर्षाचा होतो, तेव्हा गेली. हा एवढाच फोटो तिचा.”

नाना गेल्यापासून दर आखाजीला, पितरांच्या सणाला, तो हा फोटो पाटावर ठेवायचा. पुढे घागर, वर दोघांना मिळून एक हार. पुरणपोळीचा घास भागाबाई ठेवायची.

मघापासून प्रत्येकाची कुळी काढणारी भागाबाई खिडकीबाहेर बघत बसली.

“जुना आहे, पण साफ होतो,” गिरधर म्हणाला. त्याने फोटो मोठा केला. फेट्यावरची चीर गेली. बाईच्या गालावरून गेलेली घडी गेली. “बघा, कालच काढल्यासारखा. गळ्याजवळ हा पांढरा ठिपका राहिला. तोही घालवतो.”

“काढी टाक,” भागाबाई म्हणाली. “लवकर काढ. बस चुकस मंग.”

“थांबा,” पितांबर म्हणाला.

तो खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ गेला. काळ्या मण्यांच्या खाली ठिपका होता. गोल नव्हता. चौकोनी होता, वर कडी होती.

“ठिपका नाही हा. टाक आहे.”

गिरधरला कळलं नाही. त्याच्याकडे अशी चाल नसेल. पितांबरच्या घरात होती. पहिली बायको मेली आणि तिच्या जागी दुसरी आणली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक बांधतात. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. पहिलीच्या स्वतःच्या गळ्यात तो असायचं काही कारण नसतं.

पितांबरने मागे वळून पाहिलं.

“मावशी, ही तू शे.”

“तुना बापले इचार.”

“नाना नाहीत.”

“मंग मी काय करू?” तिने पदर खांद्यावर नीट केला. “तू रडे. रातदिन माय, माय. त्यानी हाऊ फोटो तुना हातमा दिन्हा. तू गप बसना, भाकर खादी. मी म्हनं, चालस. पोर जेवस तरी.”

“आणि नंतर?”

“नंतर काय? तू हार लई उना. आते हार घालनारले काय सांगू, ही जित्ती शे म्हनीसन?”

पंखा फिरत होता. गिरधर माऊसवर हात ठेवून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

“मग नाव बदलू का?” त्याने हळूच विचारलं.

पितांबरने टाकावर बोट ठेवलं.

“एवढाच मोठा करा.”

गिरधरने केला. बापाचा फेटा पडद्याबाहेर गेला. बाईची हनुवटी गेली. काळे मणी गेले.

“अजून.”

“दादा, आता काही दिसणार नाही. जुना फोटो आहे. नुसते चौकोन येतील.”

“येऊ द्या.”

चौकोन आले. करडे, काळे, मधे दोनचार पांढरे. टाकावर सोनाराने बाईची मूर्त ठोकली असेल, दोन हात, दोन डोळे. यात हात नव्हते, डोळे नव्हते. पितांबर बघत राहिला. त्याला रडू येईल असं गिरधरला वाटलं, म्हणून त्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पितांबरला रडू आलं नाही. त्याने पाणी पिऊन ग्लास परत जागेवर ठेवला.

“मावशी.”

“हं.”

“ती कशी दिसे?”

भागाबाईने तोंड उघडलं. आजाच्या मेव्हण्याचं सांगितलं तसं लगेच सांगायला उघडलं. मग ते तसंच राहिलं. तिने डोळे मिटले, थोडा वेळ मिटून ठेवले, आणि उघडून त्या चौकोनांकडे पाहिलं.

“इतला वरीस हाऊच फोटो देखा,” ती म्हणाली. “डोळा मिटात तरी माले बी आते हाईच दिसस.”