खोड

लासेम गावातल्या एका बाटिकच्या कारखान्यात विनार्सिह कापडावर मेणाची नक्षी काढायची, तीही डाव्या हाताने. मालकीण मुर्सितीबाई येता-जाता तिच्या मनगटावर फटका मारायच्या.

"डाव्या हाताने आपण कुणाला पाणीसुद्धा देत नाही, आणि तू नवरीचं वस्त्र रंगवतेस! ही पद्धत नव्हे, खोड आहे. मोड ती."

"नाही मोडायची, बाई. नक्षीत चूक सापडली तर हाकलून द्या."

मनगट चोळून विनार्सिह मेणाची लेखणी पुन्हा डाव्याच हातात धरायची. तीन वर्षांत बाईंना चूक काही सापडली नाही.

यंदा मुर्सितीबाईंची उजवी बाजू लुळी पडली. दोन महिन्यांनी त्या काठी टेकत कारखान्यात आल्या, त्या थेट विनार्सिहच्या शेजारी स्टुलावर बसल्या. कापडाकडे बघत म्हणाल्या, "लेखणी दे."

विनार्सिहने गरम मेणात बुडवलेली लेखणी सवयीने डाव्या हातानेच पुढे केली आणि जीभ चावली.

बाईंनी लेखणी डाव्या हाताने घेतली.

"हं," त्या बोबड्या, पण त्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "आता दाखव तुझी पद्धत."