मंगळवारची बस

“चार तिकिटं द्या. कातानियाची. मंगळवार सकाळची.” आसुन्ताने वाक्य घरून पाठ करून आणलं होतं, तरी शेवटी आवाज चिरकलाच.

तंबाखूच्या दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वेनेरामावशींनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. “चार? माणसं किती?”

“दोघी. मी आणि लीविया. जायची दोन, यायची दोन. पोरीला सुट्टी आहे, म्हटलं जरा फिरवून आणावी.”

आमच्या गावात बसचा ड्रायव्हर तिकीट देत नाही. सिगारेट आणि मिठासारखं तेही मावशींकडूनच घ्यावं लागतं. त्यामुळे मावशींना न कळता गाव सोडता येत नाही. म्हणून तर आसुन्ताने परतीची तिकिटंही मागितली होती. नुसती जायची मागितली असती, तर जेवणवेळेपर्यंत गावभर झालं असतं.

“कुठं कुठं फिरणार?”

आसुन्ताने लीवियाच्या वहीतला कागद पुढे केला. कातानियापर्यंत बस. तिथून रेल्वेने मेस्सीना, समुद्र ओलांडून नापोली, मग रोम, मग बोलोन्या. वेळा पेन्सिलीने लिहिलेल्या, खोडलेल्या, परत लिहिलेल्या. रोममध्ये कारंजी पाहायला दोन तास ठेवले होते. सहलीचं खोटं खरं वाटावं म्हणून.

“बोलोन्यात काय आहे?”

“शाळेतली मैत्रीण. कधीची ये ये म्हणतेय.”

मावशींनी कागद उलटा करून पाहिला. मागे लीवियाचे भागाकार होते. “बोलोन्यानंतर काहीच लिहिलं नाहीस ते?”

आसुन्ता पैसे मोजू लागली.

“आणि कालोजेरो?”

“त्याला कुठला वेळ? पोज्जोरोस्सोला संत रोक्कोची पालखी आहे ना मंगळवारी. तो खांदा देतो. सोमवारी संध्याकाळी जाईल, तो बुधवारी दुपारी उगवेल.”

वर्षातून याच दोन रात्री तिचा नवरा घराबाहेर असायचा. मार तिच्या अंगवळणी पडला होता. पण गेल्या आठवड्यात त्याचा हात पहिल्यांदा लीवियावर उठला. त्याच रात्री तिने लीवियाच्या वहीतला कागद फाडला.

तिकिटांचा गठ्ठा काढता काढता मावशी थांबल्या. “अगं बये, कातानियाची बस जाते कुठून?”

“पोज्जोरोस्सोवरून.”

म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं. पालखीच्या दिवशी तो रस्ता बंद. बसच नाही. आणि असती, तरी ती थेट चर्चच्या दारात थांबते. आमच्याकडे प्रत्येकाला आपल्या गावचा संत तेवढा लक्षात राहतो, शेजारच्या गावचा कोण लक्षात ठेवतो? पालखीचा विचार तिने नवऱ्यापुरता केला आणि बसचा स्वतःपुरता. दोन्हींचा रस्ता एकच, हे आठवडाभर डोक्यातच आलं नाही.

“मग राहू दे, मावशी. पुढच्या वर्षी बघू.” तिने कागद घ्यायला हात पुढे केला.

मावशींनी त्यावर पंजा ठेवला. दुसऱ्या हाताने पेन्सिल घेऊन कातानिया खोडलं. “एन्नाची बस उलट्या अंगानं जाते. सकाळी सहाला. तिला कुठला संत आडवा येत नाही. एन्नाहून पालेर्मोची बस. बंदरावरून रात्रीची बोट, उजाडता नापोली. तिथून सरळ बोलोन्या. कारंजी राहू देत.”

“फार लांब पडेल.”

“पडू दे. आपल्याकडे पळालेली बकरीसुद्धा लोक कातानियाच्या रस्त्यालाच शोधतात.”

म्हणजे मावशींनी सगळं ओळखलं होतं. तेवढ्यात दारातला मण्यांचा पडदा खळखळला.

कालोजेरो आत आला. समोरच्या बारमधून उठून आला होता, हातात पत्ते तसेच. “सिगारेट, मावशी.” मग त्याने बायकोकडे पाहिलं. “तू काय करतेस इथं?”

कागद मावशींच्या पंजाखाली होता, पण पुरता झाकला जात नव्हता. ‘बोलोन्या’ बाहेरच राहिलं होतं.

“मीठ न्यायला आलीय,” मावशी म्हणाल्या आणि फळीवरचा पुडा काढून त्यांनी धाडकन कागदावर ठेवला.

“मीठ? परवाच तर मी आणलं.”

कालोजेरोच्या घरात मीठ किती, हे मावशी कुठून सांगणार?

“टोमॅटो वाळत घालायचेत,” आसुन्ता म्हणाली. आवाज आपलाच आहे, हे तिला खरं वाटेना. “मंगळवारी. तू नसशील तेव्हा अंगण मोकळं मिळतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. “मीठ हात सैल सोडून घाल. गेल्या वर्षी बुरशी धरली होती.” त्याने तिची मान मागून धरली, जरा दाबली, सोडली. सिगारेट घेऊन तो गेला.

पडदा हलायचा थांबला.

मावशींनी तिकिटं फाडली. दोन एन्नाची. ती कागदात घालून, कागदाची घडी करून, मिठाच्या पुड्याखाली सरकवली. मग आणखी दोन फाडली.

“मावशी, ही परतीची... ही तर कातानियाहून यायची आहेत.”

“हो. तुला नाहीत ती.” मावशींनी दोन्ही तिकिटं गल्ल्याच्या वरच्या खणात ठेवली, हाताशी येतील अशी. “बुधवारी येईल ना एक जण विचारायला. त्याला दाखवीन, म्हणेन, आज सकाळीच कातानियाला गेल्या, यायची तिकिटं इथंच विसरल्या.”